बोटभर उजवीकडे

"बाबा, डावा स्पीकर कमी वाजतोय," असं सून म्हणाली आणि थोरलीच्या हातातली वाटाण्याची शेंग सोलायची राहिली. सून बोलली इतकं सहज, की बाहेर उकडतंय म्हणावं तसं. हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करायची तिची नोकरी. रविवार असूनही सकाळची पाळी करून आली होती, पिशवी दाराशी टाकली होती आणि समोर दिसली त्या खुर्चीत बूट न काढताच टेकली होती. एरवी थोरलीनं त्या बुटांवरून तिला चार शब्द सुनावले असते. थोरली म्हणजे सहा भावंडांत पहिली. आईबापांनी तिला तेच म्हटलं, मग गल्लीनं, मग सासरनंही, आणि तिनंही ते नाव एखाद्या हुद्द्यासारखं वापरलं. तिच्या नजरेतून कुणाचे बूट सुटत नसत. पण आज बूट राहिले बाजूला. सून बसली होती त्या खुर्चीत तीन वर्षांत कुणी बसलं नव्हतं, आणि रेकॉर्ड चालू होती.

थोरलीचा नवरा खिडकीशी, उजव्या स्पीकरला जवळजवळ खेटून बसला होता. मान तिरकी, उजवा कान पुढे. तीन वर्षांत ती त्यांची बसायची तऱ्हाच झाली होती. त्यांना सगळे सूरवाले म्हणत, तोंडावर आणि मागेही. सुनेचं ऐकून ते हसले. म्हणाले, ही खोकी तीस वर्षांत एकदा चुकली नाहीत गं, चुकतात ते कान, तुझाही डावा गेला की काय एवढ्यात? थट्टेनंच म्हणाले, पण म्हणताना त्यांचा हात आपोआप डाव्या कानाशी गेला, दुखऱ्या दाढेशी जीभ जाते तसा. थोरलीनं ते पाहिलं. तिला सगळं दिसत असे, हाच तर तिचा ताप होता. स्वयंपाकघराच्या दारात, मांडीत टोपली घेऊन ती बसली होती, आणि तिला वाटलं की आता पोरगी उठेल, तोंड धुवायला जाईल आणि विसरेल. पोरीला हजार कामं असतात. पण ही पोरगी विसरणाऱ्यांतली नव्हती. घरात येऊन चार महिने झाले होते तिला. नवऱ्याची बदली झाली म्हणून दोघं इथं राहायला आली होती, आणि चार महिन्यांत तिनं गळणारा नळ, करकरणारं दार आणि थोरलीच्या शिवणयंत्राचा पट्टा, न विचारता, न सांगता नीट केला होता. तिच्या या गुणाचा थोरलीला राग येई. चुका काढता येणार नाहीत अशा सुनेचं करायचं काय?

सूरवाले पियानो सुरात लावायचे. चाळीस वर्षं तेच केलं. शाळा, हॉटेलं, नाचाचे वर्ग, दोन-तीन मोठी घरं. एका पियानोत दोनशेवर तारा. एकेक तार किल्लीनं आवळायची, सैल करायची, कान लावायचा, पुन्हा आवळायची. सूर मोजणारी खिशात मावतील एवढी यंत्रं आली, पण ती यांनी कधी हातात धरली नाहीत. कानाची परीक्षा मात्र ते रोज घ्यायचे आणि तिची तऱ्हा त्यांची स्वतःची होती. बैठकीच्या खोलीत फरशीवर रंगाचे चार ठिपके, त्यांवर खुर्चीचे चार पाय. समोर दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर, खुर्चीपासून अगदी सारख्या अंतरावर, थोरलीच्याच शिवणाच्या टेपनं मोजून ठेवलेले. रोज सकाळी कामावर निघायच्या आधी एकच रेकॉर्ड लागायची. फार जुनी, एकाच माइकवर भरलेली. एक बाई गाते, साथीला काहीच नाही. दोन्ही खोक्यांतून तंतोतंत सारखा आवाज येत असल्यामुळे ती बाई दोन्हींच्या बरोबर मध्ये, जिथं नुसती भिंत आहे तिथं, उभी असल्यासारखी वाटते. बाई मधोमध असली की सूरवाले उठायचे, पिशवी उचलायचे आणि निघायचे. सर्दीनं एक कान भरला असला की बाई दुसरीकडे कलायची. मग ते सरळ शाळेला फोन करून आज येत नाही म्हणून सांगायचे. शाळेच्या मोठ्या बाई वैतागायच्या, म्हणायच्या, सर्दी तर सर्दी, हात तर धड आहेत ना? पण ज्याची बाई कलली त्यानं तारेला हात लावू नये, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. यंत्रावर बॅलन्सचं बटण होतं, ते फिरवून बाईला मध्ये आणता आलं असतं. त्याला ते शिवत नसत. मग परीक्षा कसली, म्हणायचे. थोरली त्या बाईला सवत म्हणायची. चहा नंतर, आधी सवतीचं तोंड बघायचं, अशी बडबड चालायची तिची सकाळभर, आणि ते हसून चहा प्यायचे, निम्मा टाकून जायचे.

आणि मग ती कैची कपाटामागे पडली. तीन वर्षांपूर्वी. शिवणातली मोठी कैची, तिच्यावाचून थोरलीचा हात लुळा. सूरवाले निघताना म्हणाले होते, कपाट एकटीनं ओढू नकोस, मागून तार गेली आहे, आल्यावर दोघं मिळून सरकवू. ती म्हणाली, मला काय अक्कल नाही? चौथीतून शाळा सुटली म्हणून अक्कलही तिथंच ठेवून आले काय? आणि ते जिन्यावरून उतरायच्या आत तिनं लोखंडी कपाटाला खांदा लावला होता. कैची सापडली. कपाटाच्या पायाखाली डाव्या स्पीकरची तार मात्र चिरडून तुटली. त्या वेळी ती घाबरली नाही. तुटलेलं जोडण्यातच तिचा जन्म गेला होता. शाळेचे गणवेश शिवून तिनं घर वर काढलं होतं. दातांनी तारेवरचं रबर सोललं, आतून तांब्याचे केस निघाले, त्यातले निम्मे तुटून फरशीवर पडले. उरले ते तिनं पिळले, त्यांवर काजाचा दोरा आवळून गुंडाळला आणि शेवटी तिची ती गाठ मारली, दोनदा आत आणि एकदा उलटी. ती गाठ या घरातल्या प्रत्येक बटणाखाली होती. वरून जखमेवर लावतात ती चिकटपट्टी लावली, कपाट जागेवर ढकललं आणि यंत्र लावून बघितलं. दोन्हीकडून आवाज आला. तिला स्वतःचं कौतुक वाटलं, दिवसभर वाटत राहिलं. संध्याकाळी कैची तिच्या हातात बघून सूरवाल्यांनी विचारलं, कपाट हलवलंस का? आणि तिनं कात्रीतून कापड काढावं इतक्या सफाईनं सांगितलं की मी हातसुद्धा लावला नाही, कैची काठीनं ओढली. तिचं खोटं एवढंच होतं. एवढी खोटी बायका तांदूळ निवडता निवडता बोलतात आणि विसरतात.

"बाबा, इकडे या ना," सून म्हणत होती. तिनं खुर्ची सोडली होती. "या, बसा तुमच्या जागेवर."

ते नको नको म्हणत आले. टाळत होते, हे थोरलीला कळत होतं. डॉक्टरकडे न जाणारा माणूस वजनकाट्यापासून लांबून जातो तसे ते त्या खुर्चीपासून लांबून जायचे. बसले. बाई गात होती. "उजवीकडे?" सुनेनं विचारलं. त्यांनी मान हलवली. किती? वीतभर, जास्तच, ते म्हणाले. सून म्हणाली, मलाही तेवढीच. थोरलीला तिचा विचार चालताना ऐकू आला जणू. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आता खुर्ची फिरवून बसा बाबा. यंत्राकडे पाठ करून."

तीन वर्षं हेच एक वाक्य कुणीतरी बोलेल म्हणून थोरली झोपेतून दचकून उठली होती. इतकी सोपी गोष्ट. माणूस उलटा बसला की डावं ते उजवं होतं. कान गेला असेल तर बाई गेलेल्या कानापासून लांबच राहील, आणि खोकं बिघडलं असेल तर ती बिघडलेल्या खोक्यापासून लांब, म्हणजे आता माणसाच्या डाव्या हाताला जाईल. हे तिला, चौथी शिकलेल्या बाईला, तीन वर्षांपूर्वीच सुचलं होतं. सूरवाल्यांना नाही सुचलं. त्यांना सुचलं नाही कारण त्यांचा त्या खोक्यांवर विश्वास होता आणि स्वतःवर नव्हता. सारखी स्वतःचीच परीक्षा घेणाऱ्या माणसाला आपणच नापास झालो असं वाटायला वेळ लागत नाही. आणि सुचलं असतं तर? ते चहा पिताना खुर्चीकडे बघत बसले की ती काहीतरी पाडायची, हाक मारायची, भांडण उकरून काढायची. किती भांडणं तिनं नुसती त्या खुर्चीवरून नजर हलावी म्हणून काढली होती.

खुर्चीचे पाय फरशीवर घासले. सूरवाले दाराकडे, म्हणजे थोरलीकडेच तोंड करून बसले. तिला मान खाली घालता आली नाही. सुनेनं सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. बाई गायला लागली आणि सूरवाल्यांचा चेहरा हळूहळू डावीकडे वळला. कुणी नावानं हाक मारल्यासारखा वळला. ते उठले, खुर्ची सरळ केली, बसले, ऐकलं. पुन्हा उठले, फिरवली, बसले. "परत लाव," म्हणाले. सुनेनं परत लावली. चार वेळा त्यांनी ते केलं. चौथ्यांदा त्यांनी हात गुडघ्यांवर एकमेकांत अडकवून ठेवले. थोरली बघत होती. तिला वाटलं, हे आता रडणार, आणि रडले तर मी कुठं जाऊ? ते रडले नाहीत. "माझा कान आहे," एवढंच म्हणाले, हरवलेली वस्तू जागच्या जागी मिळाल्यासारखे.

सून मग कामाला लागली. अशा वेळी ती कुणाची नसे. तिनं सूरवाल्यांनाच हाताशी घेतलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची बाबा, म्हणजे कोण चुकतंय ते आपोआप पुढे येतं. आधी तिनं बॅलन्सचं बटण दोन्ही टोकांना पंधरा-वीसदा फिरवलं, आत धूळ बसली असेल तर निघावी म्हणून. बाई उजवीकडेच. मग रेकॉर्डवरून यंत्रात येणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल केली. बिघाड रेकॉर्डच्या बाजूला असता तर बाईनं बाजू बदलली असती. बदलली नाही. तिथं थोरली उठली, टोपली काखेत तशीच धरून तिनं चहा ठेवला, कुणी न मागता. चहा घ्या आधी, म्हणाली, पळून जातंय काय ते? कुणी वळून पाहिलं नाही. मग सुनेनं यंत्राच्या पाठीमागे स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. तरी डावं खोकंच हळू वाजलं. म्हणजे यंत्रही सुटलं. राहिलं खोकं आणि तार. थोरली म्हणाली, जुनं झालंय सगळं, टाकून द्या, नवं आणा. आपला आवाज तिला परका वाटला. सून म्हणाली, जुनं म्हणून कुणी बिघडत नाही आई, आणि दोघांनी मिळून खोक्यांची जागा बदलली. डावं उजवीकडे नेल्यावर ते खणखणीत वाजायला लागलं. उजवं डाव्या कोपऱ्यात आल्याबरोबर त्याचा घसा बसला. आता एकच उरलं होतं, आणि ते कपाटामागे होतं.

थोरलीला तेव्हा आठव्या दिवसाची सकाळ आठवली. तार जोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सूरवाले खुर्चीत बसले होते आणि त्यांनी मान वाकडी केली होती. सर्दी होणार, म्हणाले. त्या दिवशी गेले नाहीत. पुढच्याही दिवशी नाही. कानात तेल घातलं, वाफ घेतली. आठव्या दिवशी ते औषध आणायला बाहेर पडले आणि थोरलीनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं रेकॉर्ड लावली, सुई खरवडली, पुन्हा ठेवली, आणि जाऊन खुर्चीत बसली. आपले कान म्हणजे भांड्यांचे कान, असं तीच सगळ्यांना सांगायची. पण बाई मधोमध नव्हती. बोटभर उजवीकडे सरकून उभी होती. थोरलीला ते दिसावं इतकं स्पष्ट ऐकू आलं, आणि त्याच क्षणी तिला दोरा, गाठ, चिकटपट्टी, सगळं आठवलं. आज सांगू, असं तिनं ठरवलं. ते औषध घेऊन आले तेव्हा घामाघूम होते, आणि ती म्हणाली, एवढ्या उन्हात जायला कुणी सांगितलं होतं? उद्या सांगू. उद्याचे दिवस होत गेले. ती रोज फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, कपाटाखालीही हात घालायची, कारण घाण तिला खपायची नाही, आणि तिथं ते उघडं तांबं रोज थोडं भिजत होतं, काळं पडत होतं. बाई दोन बोटं सरकली, चार बोटं सरकली. कान जातो तो असाच तर जातो, हळूहळू. दीड महिन्यानं सूरवाल्यांनी शाळेला स्वतः फोन करून दुसरा माणूस बघा म्हणून सांगितलं, किल्ल्यांची पिशवी पुसून चौकातल्या वाद्यांच्या दुकानदाराला देऊन टाकली, आणि आठवडाभरात सगळ्यांना कळलं की सूरवाल्यांचा कान गेला. लोक त्यांच्या उजव्या बाजूला येऊन ओरडून बोलायला लागले. मुलानं फोनवर सांगितलं होतं की आई, त्यांना कानाच्या डॉक्टरकडे ने. आणि थोरली म्हणाली होती, या वयात तपासून काय नवा कान बसवणार आहेत? कशाला आणखी जिवाला लावून घ्यायला लावतोस त्यांना? सूरवाले समोरच बसले होते. त्यांनी मान हलवली, सुटका झाल्यासारखी. पहिलं खोटं तिच्या तोंडातून निसटलं होतं. हे दुसरं तिनं मापून, बेतून कापलं होतं.

आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, जी थोरली स्वतःशीसुद्धा आडून आडूनच बोलत असे. ते घरी बसले आणि तिला बरं वाटलं. चाळीस वर्षं अर्धा चहा टाकून जाणारा माणूस पूर्ण चहा प्यायला लागला. कापड बेतताना दुसरं टोक धरायला लागला. बाजारात बरोबर यायला लागला, पिशवी धरून, तिच्या मागे मागे. ती भांडायची आणि भांडायला समोर कुणीतरी असायचं. त्या बाईपासून तिनं आपला नवरा सोडवून आणला होता. फक्त तो आणताना त्याचा कान तिनं तिथंच ठेवला होता.

"कपाट ओढू नका, पाठ धरेल," थोरली म्हणाली. "उंदरांनी कुरतडलं असेल काहीतरी." सून म्हणाली, ओढत नाही, मी मावते, आणि बॅटरी तोंडात धरून कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत आडवी होऊन शिरली. तिचे बूट तेवढे बाहेर राहिले. थोरली त्या बुटांकडे बघत राहिली. बूट हलायचे थांबले. किती वेळ थांबले कोण जाणे, गॅसवरचा चहा उतू गेला तेवढा वेळ. मग सून मागे सरकत बाहेर आली, केसांत जळमटं, मूठ मिटलेली. थोरलीनं काल रात्रीच तिच्या कामाच्या कोटाचं बटण लावून दिलं होतं. ते बटण, त्याच्याखालची ती गाठ, सुनेच्या छातीवर थोरलीला इथून दिसत होती. सुनेनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर थोरलीनं शब्दाला शब्द दिला असता. हॉस्पिटलात एखाद्याच्या रिपोर्टकडे बघून मग त्या माणसाकडे बघतात, तसं पाहिलं. आणि मूठ न उघडता, सासऱ्याकडे वळून म्हणाली, "तार जुनी झाली होती बाबा. झिजलेली. बदलून टाकते." एवढं म्हणून ती मूठ तिनं कोटाच्या खिशात घातली.

सुटले, असं थोरलीला वाटायला हवं होतं. तिला उलट असं झालं की भर बाजारात कुणी अंगावर शाल टाकावी आणि तेव्हाच कळावं की आपण उघडे आहोत. नाकावर माशी बसू दिली नाही कधी, आणि काल आलेली पोरगी तिला पदराखाली घेत होती. यापुढं ही बूट घालून घरभर फिरेल आणि मी गप्प बसेन, असं तिच्या मनात आलं. इतक्यातही तिच्या मनात हेच आलं, याची तिला लाज वाटली. पण तीही लाज वरवरचीच निघाली, कारण सूरवाले बोलायला लागले होते. ते खुर्चीतच होते, हात अजून एकमेकांत अडकवलेले. ते म्हणत होते की मीच मूर्ख, मला एकदा खुर्ची फिरवता आली नाही, दुसऱ्यांच्या तारा तपासल्या चाळीस वर्षं आणि घरातली एक तपासली नाही. तो शाळेचा पियानो कुणाच्या हाती लागला असेल. मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुला उगाच त्रास झाला गं. तीन वर्षं घरात तोंड पाडून बसलो. तू किती सांभाळून घेतलंस."

ते जर हे म्हणाले नसते तर ती गप्प राहिली असती. पुढं आयुष्यभर तिनं हे स्वतःपाशी कबूल केलं, की शिव्या दिल्या असत्या, संशय घेतला असता, तर ती मेल्यावरही बोलली नसती. पण त्यांनी माफी मागितली.

"तार मी तोडली," ती म्हणाली. "कपाट ओढताना. आणि मीच जोडली. तिच्या खिशात आहे, बघा."

सुनेनं खिशातून ते काढलं नाही. ती भिंतीकडे बघत उभी राहिली. सूरवाल्यांनी विचारलं ते वेगळंच विचारलं. "तुला कधी कळलं?" तोडली कधी असं त्यांनी विचारलं नाही. आणि इथं थोरलीपुढं शेवटची एक वाट उघडी होती, रुंद आणि सावलीची. आज कळलं, म्हणायचं. आत्ता, पोरीनं तार काढली तेव्हा. सुनेसकट सगळ्यांनी मान हलवली असती.

"आठव्या दिवशी," ती म्हणाली. "तुम्ही औषध आणायला गेला होता. मी खुर्चीत बसून ऐकलं. बोटभर उजवीकडे होती."

"बोटभर," ते म्हणाले.

"तेव्हा बोटभर. नंतर वाढलं."

त्यांनी मान हलवली. माप बरोबर होतं, असं सांगितल्यासारखी. नंतर ते उठले, खुंटीवरची बाजाराची पिशवी न घेता, चपला घालून जिना उतरून गेले. सुनेनं पुढं येऊन तिच्या हातातली टोपली घेतली तेव्हा थोरलीला कळलं की आपण ती अजून धरून आहोत. "आई, बसा," सून म्हणाली. थोरली म्हणाली, "तू बूट काढ आधी," आणि तीही जिना उतरली.

रस्त्यावर ते वीस-पंचवीस पावलं पुढं होते. तिनं हाक मारली नाही. त्यांना गाठायचं की नुसतं मागं राहायचं ते तिला ठरवता येत नव्हतं. पाय आपले चालत होते. दोन वेळा ते थांबले, एकदा गाड्या जाऊ द्यायला आणि एकदा उगाच, आणि दोन्ही वेळा तीही थांबली. ते कुठं जाताहेत ते तिला कळलं होतं. वाटेत चष्म्याच्या दुकानापाशी ओळखीचा एकजण त्यांच्या उजव्या हाताला येऊन, कानाशी तोंड नेऊन, काय सूरवाले, बरं आहे ना, असं ओरडला. सूरवाले बरं आहे म्हणाले. तिला वाटलं होतं ते सांगतील की ओरडू नको, कान शाबूत आहे माझा. ते सांगत नव्हते. आणि मग चालता चालता तिला उमजलं की ते का सांगत नाहीत. कान शाबूत होता म्हटलं की लोक विचारणार, मग तीन वर्षं काय झालं होतं? आणि त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे तिचं नाव घ्यायचं. एवढं होऊनही ते तिला झाकून चालले होते. कदाचित झाकत नसतील. कदाचित तिचं नावच तोंडात नको झालं असेल. पाठीवरून काही कळत नव्हतं.

वाद्यांच्या दुकानात ती शिरली तेव्हा दुकानदारानं आतून पिशवी काढून ठेवली होती, तीच, आणि तो मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून विचारत होता की सूरवाले, आठवण म्हणून घरी नेताय का? नाचाच्या वर्गाच्या बाई तिथं कसले तरी कागद बघत उभ्या होत्या. त्यांचा पियानो सूरवाले वीस वर्षं लावायचे. त्यांनी दुकानदाराकडे बघून, बिचारे, अशी मान हलवली. ही बाई बोलकी, संध्याकाळपर्यंत चार घरी सांगेल. थोरलीनं हे सगळं एका नजरेत पाहिलं. तिला कुणी बसायला सांगितलं नाही.

"ओरडू नका त्यांच्यावर," ती दारातूनच म्हणाली. "कान चांगला आहे त्यांचा. कधी गेलाच नव्हता. घरातली तार मी तोडली आणि त्यांना कान गेलाय असं वाटू दिलं. तीन वर्षं."

दुकानदाराला काही कळलं नाही. कसली तार, असं त्यानं विचारलं, आणि सवयीनं पुन्हा सूरवाल्यांच्या उजव्या कानाकडे वळला. नाचाच्या बाईंनी कागद खाली ठेवले. थोरलीला वाटलं होतं, एकदा बोललं की झालं. तिला आता कळलं की हे असं एका वाक्यात सांगून होणार नाही. तार कुठली, कपाट कुणी ओढलं, रोज सकाळी ते कुठं बसायचे, बाई कोण, हे सगळं सांगितल्याशिवाय तिच्या कबुलीला अर्थ नव्हता आणि त्यांच्या कानाला पुरावा नव्हता. तिनं सूरवाल्यांकडे पाहिलं. ते पिशवी सोडून किल्ल्या बाहेर काढत होते. तीन वर्षांत त्यांच्यावर धूळ बसली होती.

"पहिल्यापासून सांग," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

दुकानदारानं स्टूल पुढं केलं. ती बसली नाही. उभ्यानंच, आवाज न चढवता, तिनं सांगायला सुरुवात केली. सूरवाले रुमालानं एकेक किल्ली पुसत ऐकत होते. सांगताना ती काही गाळायला गेली की त्यांचा हात थांबायचा, आणि ती मागं येऊन तेही सांगायची.